दुहेरी लोकरीच्या श्वानाचा खरारा आणि त्याचे वार्षिक अंदाजपत्रक

बालरोगतज्ज्ञाने श्वानाच्या केसांवर लिहावे, हे काहीसे अनधिकाराचे वाटेल. परंतु ग्वाल्हेरच्या आपल्या समाजात, विशेषतः जिथे जुने वाडे जाऊन बंगले आणि सदनिका उभ्या राहिल्या तिथे, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, लॅब्रेडॉर आणि अलीकडे सायबेरियन हस्कीसुद्धा घरोघर दिसू लागले आहेत. मुलाची तपासणी आटोपल्यावर दारापाशी थबकून आईवडील जे प्रश्न विचारतात, त्यांत आता कुत्र्याविषयीचा एक प्रश्न ठरलेलाच असतो. मार्च संपता संपता तो हमखास येतो : "डॉक्टर, बाळाला खोकला आहे आणि उन्हाळाही आला, तर कुत्र्याचे केस पार उतरवून टाकू का?"

या प्रश्नाला वैद्यकीय उत्तर आहे, तसेच आर्थिकही आहे आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत. दुहेरी लोकरीच्या श्वानावर करावयाचा खर्च हा केस कापण्याचा नसून विंचरण्याचा असतो आणि तो वर्षाच्या हिशेबाने आखावा लागतो. ज्या घरात ही आखणी नसते, त्या घरातील कुत्रा एक तर उन्हाळ्यात भादरला जातो, नाही तर दोन-तीन वर्षांत कोणाला तरी 'देऊन टाकला' जातो. पहिल्या प्रकारात कुत्र्याचे नुकसान होते. दुसऱ्यात कुत्र्याचे तर होतेच, पण त्याच्यासोबत वाढलेल्या मुलाचेही होते. घरातला कुत्रा अचानक गेल्यामुळे झोप आणि भूक हरवलेली मुले मी तपासली आहेत. त्यांना औषध लिहून देता येत नाही.

दोन थर, दोन कामे

जर्मन शेफर्ड हे याचे उत्तम उदाहरण. माक्स फॉन स्टेफानिट्झ या जर्मन घोडदळातील अधिकाऱ्याने १८९९ साली या जातीची संस्था स्थापन केली तेव्हा त्याच्यासमोर मेंढ्यांच्या कळपाबरोबर पावसाथंडीत दिवसभर राबणारा कुत्रा होता. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन नाव नकोसे झाल्याने इंग्रजांनी त्याचे 'अल्सेशियन' असे बारसे केले. ब्रिटनच्या केनेल क्लबने १९७७ मध्ये मूळ नाव परत स्वीकारले, पण आपल्याकडे जुन्या पिढीच्या तोंडी अल्सेशियन हाच शब्द आजही आहे.

या कुत्र्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. बाहेरचे केस राठ, सरळ व किंचित तेलकट. ते पाणी, धूळ आणि ऊन अडवतात. आतला थर मऊ, दाट व लोकरीसारखा; तो हवा धरून ठेवतो आणि थंडीपासून रक्षण करतो. त्वचाशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर श्वानाचा लोमकूप संयुक्त असतो, म्हणजे एकाच छिद्रातून एक जाड प्रधान केस आणि त्याच्याभोवती अनेक बारीक दुय्यम केस बाहेर येतात. दुय्यम केसांची संख्या मोठी असली की लोकर दाट होते.

केसांच्या चक्रातील वाढीची आणि विश्रांतीची अवस्था आपणा सर्वांना परिचित आहे. पूडलसारख्या जातींत बहुतेक केस सतत वाढीच्या अवस्थेत असतात. म्हणून ते माणसाच्या केसांसारखे वाढत राहतात आणि कापावे लागतात. शेफर्ड किंवा हस्की यांचे बहुतेक केस विश्रांतीच्या अवस्थेत असतात. ते ठराविक लांबीला येऊन थांबतात, काही काळ टिकतात आणि मोसमाप्रमाणे झडतात. मोसम ओळखण्याची मुख्य खूण म्हणजे दिवसाची लांबी. साहजिकच, रात्री उशिरापर्यंत दिव्यांच्या उजेडात आणि वातानुकूलित खोलीत राहणाऱ्या कुत्र्याचे हे घड्याळ बिघडते व तो वर्षभर थोडाथोडा झडत राहतो. आपल्याकडे तरीही दोन मोठ्या गळती स्पष्ट दिसतात : एक होळीच्या आगेमागे, दुसरी पावसाळा सरल्यावर. अंदाजपत्रकाचे सारे गणित या दोन गळतींभोवती फिरते.

भादरल्याने काय होते

श्वानाला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तळव्यांच्या गाद्यांवर थोड्या स्वेदग्रंथी असतात, पण शरीर थंड करण्याचे मुख्य साधन म्हणजे धापा टाकणे. त्यामुळे अंगावरचे केस काढले की घाम सुकून गारवा मिळेल, ही आपली मानवी कल्पना तिथे लागू पडत नाही. उलट बाहेरचा थर गेल्याने ग्वाल्हेरच्या मे महिन्यातील ४५ अंशांवरचे ऊन सरळ कातडीवर पडते. कुत्र्याची कातडीही नाजूक असते; तिचा बाह्यस्तर आपल्यापेक्षा पातळ असतो. उन्हाळ्यात त्याला खरा गारवा मिळतो तो आतली सुटलेली लोकर विंचरून काढल्याने, म्हणजे उरलेल्या केसांतून वारा खेळल्याने. सावली, भरपूर पाणी आणि सूर्य वर येण्यापूर्वीचे फिरणे हे तर आहेच.

दुसरा तोटा अधिक काळ पुरतो. विश्रांतीच्या अवस्थेतील केस मुळाशी कापला तर नवा केस लगेच फुटत नाही. अशा जातींत भादरल्यानंतर केस परत न येण्याचा विकार पशुवैद्यकांना चांगला परिचित आहे. केस परतायला सहा महिने ते वर्ष, क्वचित दोन वर्षेही लागतात आणि कित्येकदा आधी लोकर येते व राठ केस मागून, विरळ येतात. माझ्या एका सहकाऱ्यांच्या हस्कीला येथील एका सलोनमध्ये एप्रिलात भादरले. दुसरा हिवाळा आला तरी त्याच्या पाठीवरचे केस पुरते भरले नव्हते. मध्यंतरी थायरॉइडसह सर्व चाचण्या झाल्या. पंधराशे रुपयांत 'वर्षाची कटकट मिटली' असे वाटलेल्या त्या कापणीचा अंतिम हिशेब नऊ हजारांच्या घरात गेला. पशुवैद्यकाने शस्त्रक्रियेसाठी किंवा जखमेसाठी केस काढणे वेगळे, आणि जटा इतक्या घट्ट झाल्या की विंचरणे क्रौर्य ठरावे, तेव्हाही केस काढावेच लागतात. सोय म्हणून मात्र काढू नयेत.

आणि बाळाचा खोकला? श्वानाची ॲलर्जी ही केसांची नसते. तिचे मुख्य प्रथिन लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात असते. केस हे केवळ त्याचे वाहन. कुत्रा भादरला तरी लाळ आणि कोंडा तसाच राहतो. स्नान घातल्याने अंगावरील प्रथिन कमी होते हे खरे, पण काही दिवसांतच ते पूर्ववत होते. 'ॲलर्जी न होणारी जात' म्हणून जे विकले जाते त्यावर विश्वास ठेवण्याजोगा पुरावा नाही. ज्या मुलाला खरोखर दमा आहे आणि चाचणीत श्वानाची ॲलर्जी सिद्ध झाली आहे, त्याच्या घरी कुत्रा आणण्यापूर्वीच विचार व्हावा. कुत्रा आधीच घरात असेल तर निदान मुलाच्या शय्यागृहात त्याला मज्जाव असावा आणि विंचरणे घराबाहेर, मुलाच्या अपरोक्ष व्हावे.

खरारा आणि मोतद्दार

ग्रूमिंग या शब्दाला आपल्या भाषेत शब्द नाही असे कोणी म्हणू नये. शिंद्यांच्या पागेत घोड्याला रोज खरारा होत असे आणि त्यासाठी मोतद्दार असे. घोडा लढाईवर गेला नाही तरी खरारा चुकत नसे, कारण खरारा म्हणजे केवळ चकाकी नव्हे. अंगावरून हात फिरवताना सूज, जखम, गोचीड लक्षात येत असे. आपल्या शहरापासून झाशी रस्त्यावर टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाची अकादमी आहे आणि तिथे १९७० पासून राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. सेवेतील श्वानाला रोज विंचरणे हा त्याच्या हँडलरच्या दिनक्रमाचाच भाग असतो. त्यासाठी महिन्यातून एकदा बाहेरच्या माणसाला बोलावत नाहीत. घरगुती अंदाजपत्रकाचा पाया हाच असावा असे माझे मत आहे : रोजचे काम घरचे, मोसमाचे काम व्यावसायिकाचे.

व्यावसायिकाकडे असे काय असते जे घरी नसते? मुख्यतः जोरदार झोताचा ड्रायर, उंच टेबल आणि सरावलेला हात. चांगला ग्रूमर आधी कोरडे विंचरून जटा सोडवतो, मग कोमट पाण्याने स्नान घालतो आणि नंतर झोताने सुटलेली लोकर अक्षरशः उडवून लावतो. मोठ्या गळतीच्या वेळी एका शेफर्डमधून निघणारी लोकर पाहून नवखा माणूस घाबरतो. शेवटी पोलादी कंगवा कातडीपर्यंत विनासायास फिरला पाहिजे. काम पुरे झाल्याची हीच कसोटी. नखे, कानांची बाह्य स्वच्छता, गाद्यांमधले केस ही कामे त्यातच होतात. या साऱ्याला दोन ते तीन तास लागतात. चाळीस मिनिटांत मोठा शेफर्ड 'तयार' करून देणाऱ्याने लोकर काढलेली नसते, वरवर धुतलेली असते.

स्नानानंतर आतला थर पूर्ण वाळणे फार महत्त्वाचे. वरून कोरडा दिसणारा कुत्रा आतून ओला असतो आणि आपल्या जुलै-ऑगस्टच्या दमटपणात त्या ओलाव्याखाली कातडी चिघळते. एका रात्रीत तळहाताएवढी ओली, दुखरी जखम तयार होते. म्हणून पावसाळ्यात घरी वरचेवर आंघोळ घालण्यापेक्षा न घालणे बरे. बाळाचा शॅम्पूही वापरू नये. तो सौम्य असतो, पण माणसाच्या त्वचेसाठी. श्वानाच्या त्वचेची आम्लता आपल्याहून कमी असते.

हिशेब

आमच्या घरी नऊ वर्षांचा, ३४ किलो वजनाचा शेफर्ड आहे. पुढील आकडे गेल्या वर्षीच्या माझ्या वहीतले आहेत. इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथील वाचकांनी आपल्या शहरातील दर त्याजागी घालावेत. पद्धत तीच राहील.

लोकर काढण्याची मोठी बैठक २,२०० रुपयांची, अशा दोन : एक होळीनंतरच्या आठवड्यात, दुसरी नवरात्राच्या आधी. त्यांचे ४,४००. साध्या स्नान-विंचरणीची बैठक १,२०० रुपयांची, अशा चार, त्यांचे ४,८००. म्हणजे सलोनचे एकूण ९,२००. घरची साधने अशी : तारांचा स्लिकर ब्रश ४५०, आतली लोकर काढण्याचा रेक ७००, पोलादी कंगवा ३५०, नखे कापण्याचे यंत्र ४००, एकूण १,९००. ही तीन वर्षे सहज टिकतात, म्हणून वर्षाला सुमारे ६३० धरावेत. शॅम्पू व कान पुसण्याचे द्रावण १,५००. इथवर ११,३३० झाले. यावर सुमारे १५ टक्के, म्हणजे १,७०० रुपये राखीव. वर्षाचे १३,०३० आणि महिन्याचे जेमतेम १,१००. लसी, जंतांची औषधे आणि गोचिडांवरील गोळ्या यांचे खाते मी वेगळे ठेवतो. ती औषधे आहेत आणि ग्रूमिंगचा खर्च आवरताना त्यांना कात्री लागता कामा नये.

आता दुसऱ्या पद्धतीचा हिशेब पाहावा. घरी ब्रश लावायचा नाही आणि दरमहा १,२०० रुपयांची साधी बैठक घ्यायची, तर वर्षाचे १४,४०० होतात. एवढे देऊनही लोकर निघत नाही, कारण साध्या बैठकीत ते काम नसते. आणि जटा झाल्या की त्या सोडवण्याचे तासावर वेगळे पैसे पडतात. याचाच अर्थ, काटकसर करायचीच असेल तर ती साध्या बैठकांत करावी. चारच्या दोन केल्या तर २,४०० रुपये वाचतात आणि कुत्र्याचे काही बिघडत नाही. मोठ्या दोन बैठकांना हात लावू नये. राखीव रकमेविषयी अनेकांना शंका वाटते. परंतु एखाद्या वर्षी होळीचा रंग अंगात मुरतो, एखाद्या वर्षी घरात लग्न निघते आणि तीन आठवडे ब्रश लागत नाही. ती रक्कम त्यासाठीच. दुसऱ्या बैठकीची वेळ नवरात्राआधी घेण्याचे कारण व्यावहारिक आहे : दसरा-दिवाळीच्या दिवसांत सर्वत्र गर्दी असते आणि घाईत काम उरकले जाते.

पैशांहून मोठी बाब वेळेची, आणि नेमकी तीच कोणी लिहून ठेवत नाही. एरवी आठवड्यातून तीनदा वीस मिनिटे, मोठ्या गळतीच्या तीन-चार आठवड्यांत रोज. केस बोटांनी दुभागून, कातडी दिसेपर्यंत, पट्ट्यापट्ट्याने विंचरायचे. वरवर ब्रश फिरवला की वरचा थर चमकतो आणि खाली, कानामागे, काखेत, मांडीच्या मागे नमद्यासारखी जट बसत जाते. हे काम घरातील कोण करणार, याचे नाव कुत्रा आणण्यापूर्वी ठरावे. 'मुले करतील' हे उत्तर मी मान्य करीत नाही. दहा-बारा वर्षांची मुले मोठ्यांच्या देखरेखीखाली सुरेख काम करतात व त्यांना ते आवडतेही. लहानग्यांना मात्र ब्रश देऊन कुत्र्यापाशी एकटे सोडू नये. लहान मुलांना होणारे दंश बहुधा ओळखीच्या कुत्र्याकडूनच होतात आणि ते चेहऱ्यावर व मानेवर होतात. जट ओढली गेल्यावर ज्या क्षणी कुत्रा मान वळवतो, त्या क्षणी मुलाचा चेहरा त्याच्याच उंचीवर असतो.

सलोन निवडताना

या व्यवसायाला आपल्या वैद्यकीय परिषदेसारखी नोंदणी नाही, त्यामुळे पारख आपणच करायची. मी पहिला प्रश्न विचारतो तो हा की शेफर्डचे केस उन्हाळ्यासाठी काढून द्याल का? जो लगेच 'हो' म्हणतो त्याच्याकडे मी जात नाही. दुसरी पारख अशी की तो रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र मागतो की नाही. मागितल्याचा राग येऊ देऊ नये. जो आपल्याला मागतो तो आपल्या आधी आलेल्यालाही मागत असतो. पिंजऱ्यात बंद करून गरम हवेने वाळवण्याची पद्धत टाळावी. त्यातून उष्माघात होऊ शकतो. 'शांत राहण्यासाठी' ग्रूमरने कोणतेही औषध देणे तर सर्वस्वी अमान्य. ती गरज असेल तर ते काम पशुवैद्यकाचे.

साधनांच्या स्वच्छतेविषयी थोडे अधिक लिहितो, कारण इथे माझा व्यवसाय प्रत्यक्ष येतो. मायक्रोस्पोरम कॅनिस ही बुरशी मांजरांत अधिक, पण कुत्र्यांतही आढळते आणि कंगवे, ब्रश, कापण्याची पाती यांवरून एका प्राण्यावरून दुसऱ्यावर जाते. पुढे ती घरातील मुलाच्या डोक्यात उतरते : खवले धरलेली गोल जागा आणि त्यात तुटलेले केस. शाळेतून लागण झाली असेल असे गृहीत धरून आपण पुढे जातो. अशा मुलाच्या घरी कुत्रा किंवा मांजर आहे का, आणि त्याच्या अंगावर टक्कल पडलेले चट्टे आहेत का, हे आपण विचारतो का? औषधाची निवडही त्यावर अवलंबून असते. या बुरशीवर टर्बिनाफिनपेक्षा ग्रिसिओफल्विन सरस ठरते. आमच्या घरचा ब्रश आणि कंगवा मी सलोनमध्ये सोबत नेतो. थोडे विक्षिप्त दिसते, पण तिथे आता त्यांना सवय झाली आहे.

दुसरा विषय गोचिडांचा. दाट लोकरीत गोचीड वरून दिसत नाही. ती बोटांना लागते. कानाच्या आत, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी पाहावे. आपल्याकडील तपकिरी गोचीड कुत्र्याला एर्लिकिया व बबेसियाचे आजार देते. माणसाला, विशेषतः मुलांना, तिच्यापासून रिकेट्सियाचा ताप येतो. ताप, डोकेदुखी आणि तळहात-तळपायांवरही उठलेले पुरळ दिसले तर घरातील कुत्र्याची चौकशी करावी, आणि संशय बळकट असेल तर चाचणीच्या निकालासाठी थांबू नये. डॉक्सीसायक्लिन हे या आजारात लहान मुलांसाठीही पहिल्या पसंतीचे औषध आहे. गोचीड काढताना चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, बोटांनी चिरडू नये. विंचरण्याच्या वीस मिनिटांत हे सारे आपोआप तपासले जाते.

आणण्यापूर्वी

वरचा हिशेब वाचून ज्यांना तो जड वाटेल त्यांनी संकोच न करता आखूड केसांचा कुत्रा घ्यावा. आपल्या रस्त्यावरचे देशी पिल्लू या हवामानात घडलेले आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानाने जोपासलेला मुधोळ हाउंडही आखूड केसांचा. त्याला आठवड्यातून एकदा रबरी हातमोजा फिरवला तरी पुरते. अर्थात त्याला धावायला मोकळे रान लागते, तो खर्च वेगळा. हस्कीविषयी माझे मत स्पष्ट आहे : चंबळच्या परिसरात तो आणूच नये.

शेफर्डच आणायचा ठरला तर पिल्लू घरी आल्याच्या पहिल्या आठवड्यापासून रोज दोन-तीन मिनिटे मऊ ब्रश फिरवावा, पंजे हातात धरावेत, कान उघडून पाहावेत, ड्रायरचा आवाज दुरून ऐकवावा. प्राथमिक लसी पूर्ण होईपर्यंत सलोनमध्ये नेऊ नये. ही सवय लागलेला कुत्रा पुढे टेबलावर शांत उभा राहतो. न लागलेल्या कुत्र्यासाठी दोन माणसे लागतात आणि दोघांचे पैसे द्यावे लागतात.

उतारवयात हिशेब पुन्हा बदलतो. शेफर्डच्या मागच्या पायांचे सांधे दुखू लागले की तो तीन तास टेबलावर उभा राहू शकत नाही; मोठी बैठक दोन दिवसांत विभागून घ्यावी लागते व तिचा दर वाढतो. आमच्याकडे यंदापासून ग्रूमर घरी येतो. कुत्रा व्हरांड्यात सतरंजीवर पडून असतो आणि एक कूस झाली की त्याला दुसऱ्या कुशीवर वळवतात. एका मोठ्या बैठकीचे आता ३,००० रुपये होतात. दोन बैठकांमागे १,६०० अधिक. ते मी साध्या बैठकांतून काढले आहेत.